हातून माणूस गेला, पुढे काय? एका माजी खेळाडूच्या निमित्ताने

सकाळी गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात पातळभाजी-पाव खायला बसलं की शेजारच्या टेबलावर पेपर उघडलेला असतोच. पहिल्या पानावर अपघात असला आणि गाडी चालवणारा कधीकाळचा नावाजलेला फुटबॉलपटू असला, की चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. एक जण म्हणतो, "पोरगा चांगला हो, त्याचा गोल मी डोळ्यांनी बघितलाय." दुसरा म्हणतो, "पैसे टाकील आणि सुटेल." तिसऱ्याला किती वर्षं आत जाणार ते हवं असतं. कोपऱ्यात एक पायलट बसलेला असतो. पायलट म्हणजे आमच्याकडचा पिवळ्या-काळ्या मोटारसायकलीवरून भाडं मारणारा. त्याचा प्रश्न वेगळा असतो: "तो परत गाडी चालवतलो?" म्हणजे चालवणार का? त्याला कुणी उत्तर देत नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये बाणस्तारीच्या पुलावर एका मर्सिडीजच्या धडकेत तिघांचा जीव गेला. तेव्हापासून 304 आणि 304-अ हे कलमांचे आकडे आमच्या तालुक्यात मटक्याच्या आकड्यांसारखे तोंडपाठ झाले आहेत. त्या आकड्यांत फरक काय आणि त्यातून माणसाचं पुढे काय होतं, हे मात्र कुणी उलगडून सांगत नाही. म्हणून एक समजा-गोष्ट घेऊ. माणूस खरा नाही, कायदा खरा आहे.

समजा, राज्याच्या संघातून खेळलेला एक जण. वय चाळीस, गुडघा गेला म्हणून खेळ सुटला. आता संध्याकाळी गावच्या मैदानावर मुलांना शिकवतो. एका लग्नाहून पहाटे परतताना फर्मागुडीच्या उतारावर त्याची गाडी सायकलवरून पाव विकायला निघालेल्या पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, धडकते. पोदेर जागीच जातो. वय 28, घरी बायको, दोन मुलं, म्हातारी आई.

पाडेली माडावर, माणसं खाली

कायद्याला पहिला प्रश्न पडतो तो मेलेल्या माणसाबद्दल नाही, मारणाऱ्याच्या मनाबद्दल. पाडेल्याचं उदाहरण घ्या. तो माडावर चढून नारळ पाडतो आणि खाली माणूस मरतो. हे तीन तऱ्हांनी होऊ शकतं.

त्याने खाली बघितलंच नाही. बघायला हवं होतं, हाक मारायला हवी होती, तेवढी काळजी त्याने घेतली नाही. हा निष्काळजीपणा.

किंवा खाली बायका गप्पा मारत बसलेल्या त्याला दिसत होत्या. कुणाला मारायचं त्याच्या मनात नव्हतं, पण इथे नारळ सोडला तर कुणाच्या तरी डोक्यात बसणार हे त्याला कळत होतं. तरी सोडला. इथे हेतू नाही, जाणीव आहे. कायद्यात याला 'सदोष मनुष्यवध' म्हणतात, म्हणजे खुनाच्या पायरीपर्यंत न पोचलेला, पण नुसत्या चुकीपेक्षा कितीतरी मोठा गुन्हा.

तिसरी तऱ्हा म्हणजे भाटाच्या, म्हणजे माडांच्या बागेच्या, वादातला शेजारी खाली उभा बघून नेम धरला. तो खून. गाडीच्या अपघातात ही तऱ्हा सहसा नसते, म्हणून सोडून देऊ.

1 जुलै 2024 पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि आकडे बदलले. जुनं 304-अ आता कलम 106 झालं. निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर पूर्वी जास्तीत जास्त 2 वर्षं होती, आता 5. जुनं 304 आता 105. त्यात मृत्यू होऊ शकतो ही नुसती जाणीव होती असं ठरलं, तरी 10 वर्षांपर्यंत शिक्षा होते. आणखी एक फरक चहाच्या टेबलावर कुणी बोलत नाही, पण आरोपीच्या घरच्यांना पहिल्याच रात्री तो कळतो. 106 च्या पहिल्या पोटकलमात जामीन हा हक्क आहे. 105 मध्ये तो न्यायाधीशाच्या मर्जीवर आहे आणि खटला सत्र न्यायालयात जातो. दुसऱ्या दिवशी आरोपी घरी दिसला म्हणून "सुटला" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जामीन म्हणजे निकाल नव्हे.

जामिनाला शिक्षा समजण्याचा घोटाळा सगळ्या देशाने एकदा केला आहे. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोघांचा जीव घेतला. अल्पवयीन आरोपीला 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितल्यावर लोक खवळले. खवळणं योग्यच होतं, पण तो निबंध ही जामिनाची अट होती, शिक्षा नव्हती.

दारू प्यायली की चूक बदलते का?

बदलते, निदान बदलू शकते. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर 2006 मध्ये फुटपाथवर झोपलेले 7 मजूर एका गाडीखाली मेले. चालक प्यायलेला होता. उच्च न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधासाठी 3 वर्षं दिली आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यामागचा विचार पाडेल्याच्या दुसऱ्या तऱ्हेचाच आहे. इतकी पिऊन, इतक्या वेगाने गाडी घातली तर कुणीतरी मरेल, हे कळत नव्हतं असं मोठ्या माणसाला म्हणता येत नाही.

म्हणजे आमच्या खेळाडूच्या खटल्यात सगळा भर एका कागदावर येतो, रक्ताच्या तपासणीच्या अहवालावर. आपल्याकडे मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम दारू इतकी आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ती 80 आहे. आपली मर्यादा कडक आहे आणि गोव्यात राहून ती पाळायची म्हणजे लग्नात हात आखडावा लागतो. शरीर साधारण तासाला 15 मिलिग्रॅमच्या आसपास दारू उतरवतं, माणसागणिक थोडं कमी-जास्त. काळी कॉफी, लिंबू, डोक्यावर पाणी यांनी हा वेग वाढत नाही. रात्री एक वाजता 120 वर असलेला माणूस पहाटे पाचला साठाच्या घरात असतो. त्याला वाटत असतं उतरली, कायद्याच्या हिशेबात ती दुप्पट असते.

"पण खेळाडू आहे, त्याची नजर आणि हातपाय आपल्यापेक्षा चपळ!" हे मी अनेकदा ऐकलंय. खेळाडूंना स्वतःलाही ते पटतं, हीच अडचण आहे. ताशी 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. चपळ माणसाचा पाय ब्रेकवर पावसेकंद आधी पडला असं धरा, पाच-साडेपाच मीटर वाचले. पुढे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला 35 मीटरच्या आसपास लागतात, आणि ते टायर आणि डांबर ठरवतात, पाय नव्हे. वेग 80 वरून 60 वर आणला तर तेच अंतर 20 मीटरवर येतं. वर्षानुवर्षांच्या सरावाने जेवढं मिळालं त्याच्या तिप्पट नुसता पाय हलका केल्याने मिळतं. आणि दारू पहिला हात मारते ती त्या चपळाईवरच.

"पैसे दिले, विषय मिटला"

मिटत नाही. इथे दोन वह्या आहेत आणि लोक त्या एकच समजतात.

एक वही सरकार विरुद्ध आरोपी, म्हणजे फौजदारी. दुसरी मृताच्या घरच्यांची भरपाईची. ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर चालते आणि पैसे बहुतेक वेळा विमा कंपनी भरते. चालक दारू प्यायलेला निघाला तर कंपनी आधी घरच्यांना पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करू शकते. भरपाईचा आकडा कोण किती रडलं यावर ठरत नाही, त्याचं एक गणित आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2017 च्या निकालांत ते घालून दिलं.

पोदेर महिन्याला 20,000 कमवत होता असं धरू. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढे कमाई वाढली असती याचे 40 टक्के मिळवायचे: 28,000. त्याच्यावर चार जण अवलंबून होते, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: 21,000. वर्षाचे 2,52,000. आता वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं, 26 ते 30 वयाला तो 17 आहे. झाले 42,84,000 रुपये. वर अंत्यसंस्कार, घरच्यांनी गमावलेला सहवास वगैरेंच्या ठरावीक रकमा. मेलेल्याची किंमत लावली असं वाचताना वाटतं खरं. पण ही किंमत माणसाची नाही, त्या घरात आता न येणाऱ्या पगाराची आहे. हे गणित नसतं तर बिगर-वशिल्याच्या पोदेराच्या बायकोला काय मिळालं असतं त्याचा विचार करा.

हे पैसे मिळाले तरी पहिली वही उघडीच राहते. निष्काळजीपणाने मृत्यू हा आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांत नाही. पंजाबातल्या एका खटल्यात उच्च न्यायालयाने भरपाई दिली म्हणून शिक्षा भोगलेल्या 24 दिवसांवर आणली होती. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बदलून 6 महिने केली. भरपाईने शिक्षा थोडी हलकी होऊ शकते, पुसली जात नाही.

"मोठ्यांना कुठे काय होतं?" या आक्षेपाला मी सरसकट खोटा म्हणणार नाही. चांगला वकील, वर्षानुवर्षं लांबणारा खटला, फिरणारे साक्षीदार हे सगळं पैशाने सोपं होतं. दिल्लीच्या बीएमडब्ल्यू खटल्यात जानेवारी 1999 मध्ये 6 जण मेले आणि शेवटचा निकाल लागला 2012 मध्ये. गुन्हा सदोष मनुष्यवध ठरला, शिक्षा मात्र भोगलेल्या दोन वर्षांवर थांबली. वर 50 लाख रुपये आणि दोन वर्षं समाजसेवा. हे कमी की पुरेसं, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

माफी मागायला जावं का?

माझ्या मते ही सगळ्यात अवघड जागा आहे.

आमच्या खेळाडूला तिसऱ्या दिवशी वाटतं, पोदेराच्या घरी जावं, त्या आईच्या पायांवर डोकं ठेवावं. वकील म्हणतो, अजिबात नाही. वकील दुष्ट नसतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, पण चार लोकांसमोर "माझ्याच हातून झालं, मी प्यायलो होतो" म्हटलं तर ते ऐकणारे साक्षीदार होऊ शकतात. शिवाय घरचे लोक खटल्यात साक्षीला येणार असतात. त्यांना भेटणं म्हणजे दबाव आणणं असा अर्थ निघू शकतो आणि जामीन जाऊ शकतो.

म्हणून तो जात नाही. आणि पोदेराच्या घरी म्हणतात, "तोंड दाखवायलाही आला नाही." खटला पाच-सात वर्षं चालला तर तेवढी वर्षं हे असंच. माफी शिळी होत जाते. आपल्या व्यवस्थेत दोन्ही घरांना सुरक्षितपणे समोरासमोर आणणारी, कोर्टाच्या देखरेखीखालची रुळलेली सोय नाही. माझ्या मते हा आपल्या कायद्यातला मोठा खड्डा आहे आणि त्याबद्दल कुणी मोर्चा काढत नाही.

एक गोष्ट मात्र वकील अडवत नाही, उलट कायदाच सांगतो: थांबणं. मोटार वाहन कायद्यानुसार जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे. न कळवता पळून जाणाऱ्याला 10 वर्षांपर्यंत शिक्षा देणारं 106 चं दुसरं पोटकलमही नव्या संहितेत लिहिलं गेलं, पण जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांनी देशभर चाकं थांबवली आणि संहिता लागू करताना ते बाजूला ठेवलं गेलं. इंग्लंडचा फुटबॉलपटू ली ह्यूज 2003 मध्ये जीवघेण्या अपघातानंतर पळाला आणि जवळपास दीड दिवसाने पोलिसांत हजर झाला. त्याला 6 वर्षांची शिक्षा झाली. 2007 मध्ये सुटून तो पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळला. पण लोकांच्या तोंडी राहिला तो पळालेला दीड दिवस.

परत आलेले, आणि परत येऊन घसरलेले

बाहेरच्या देशांत खेळाडूंच्या अशा गोष्टी बऱ्याच आहेत. आइस हॉकीचा खेळाडू क्रेग मॅकटॅविश याने 1984 मध्ये दारू पिऊन गाडी चालवली, एक बाई मेली. तो वर्षभर तुरुंगात होता. 1985 मध्ये एडमंटनच्या संघाने त्याला घेतलं, त्याने तिथे स्टॅनले चषक जिंकले, पुढे त्याच संघाचा प्रशिक्षक झाला. अमेरिकन फुटबॉलच्या लेनर्ड लिटलच्या हातून 1998 मध्ये असाच मृत्यू झाला: 90 दिवस तुरुंग, 1000 तास समाजसेवा. 2004 मध्ये तो प्यायलेल्या अवस्थेत गाडी चालवल्याच्या संशयावरून पुन्हा पकडला गेला. ज्युरीने दारूच्या आरोपातून सोडलं, वेगासाठी दोषी धरलं. हजार तासांनी माणूस बदलतो असा ज्याचा ठाम विश्वास आहे त्याने हे वाचावं. बदलतच नाही असं म्हणणाऱ्याने मॅकटॅविशकडे बघावं.

मला सगळ्यात विचार करायला लावते ती डॅनी हीटलीची गोष्ट. सप्टेंबर 2003, अटलांटा. आइस हॉकीचा उगवता तारा, वेगात असलेली फेरारी, शेजारच्या सीटवर संघातला मित्र डॅन स्नायडर. गाडी भिंतीवर आदळली, काही दिवसांनी स्नायडर गेला. त्याच्या आईवडिलांनी हीटलीला क्षमा केली आणि त्याला तुरुंगात पाठवू नका असं सांगितलं. 2005 मध्ये त्याला 3 वर्षांची परिवीक्षा मिळाली. परिवीक्षा म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर बाहेर राहणं, अट मोडली की आत. एक अट होती 150 भाषणांची: वेगाने काय होतं ते लोकांपुढे उभं राहून सांगायचं.

दीडशे वेळा. पहिल्या दहांत माणूस रडत असेल. पन्नासाव्याला वाक्यं पाठ झाली असतील. शंभराव्याला त्याला कंटाळा आला असेल का, आणि आला तर त्याचीही लाज वाटली असेल का? प्रायश्चित्त हुकमाने होतं का, हा प्रश्न मला यातून सुटलेला नाही. एवढं दिसतं की क्षमा आधी आली आणि भाषणं नंतर, आणि क्षमा ज्यांनी केली ती त्यांची मर्जी होती. ती मागून मिळत नाही, आणि न देणारे घरचे कोत्या मनाचे ठरत नाहीत.

आपल्याकडे अशी शिक्षा होईल का? फारसा वाव नाही. 1958 चा परिवीक्षेचा कायदा आहे, पण 2000 मध्ये एका बसचालकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बेदरकार गाडीने जीव घेणाऱ्यांना ही सवलत मिळू नये, नाहीतर चालकांना धाक राहणार नाही. नव्या संहितेत समाजसेवा ही शिक्षा म्हणून आली खरी, पण पाच हजारांखालची पहिली चोरी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा अशा सहा किरकोळ गुन्ह्यांसाठी. तेव्हा आमच्या खेळाडूपुढे कोलवाळचं कारागृह किंवा निर्दोष सुटका, मधली पायरी बारीकच.

मैदानावर परत घ्यावं का?

शिक्षा भोगून तो आला. संध्याकाळी मैदानाच्या कडेला येऊन उभा राहतो. पालकांत दोन तट.

त्याला मुलांना शिकवण्यापासून अडवणारं काही 106 मध्ये लिहिलेलं नाही. हा गावाचा निर्णय. "आमच्या पोरांपुढे हा आदर्श?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. पण आदर्श आणि शिक्षक यांत फरक आहे. मला विचाराल तर त्याला घ्यावं, एका अटीवर: पहिल्या दिवशी पालकांना बोलावून जे झालं ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं, "दुर्दैवी घटना" असले शब्द न वापरता. पोदेराचं नाव घेऊन. बक्षीस समारंभात त्याला व्यासपीठावर बसवू नये, निदान पोदेराची मुलं त्याच शाळेत आहेत तोवर. आणि संघाला सामन्याला नेणारी मिनीबस त्याच्या हाती देऊ नये.

इथे पायलटाच्या प्रश्नावर यावंच लागतं. न्यायालय शिक्षेबरोबर ठरावीक काळ परवाना बाळगायला अपात्र ठरवू शकतं, वाहतूक खातंही परवाना रद्द करू शकतं. फ्लोरिडात 2009 मध्ये डाँटे स्टॉलवर्थ या अमेरिकन फुटबॉलपटूला एका पादचाऱ्याच्या मृत्यूसाठी 30 दिवसांचा तुरुंग झाला, त्यावर लोक नाराज झाले, पण त्याच शिक्षेत तिथला त्याचा परवाना आयुष्यभरासाठी निलंबित झाला होता. आपल्याकडे मुदत संपली की तो अर्ज करू शकतो आणि कागद बरोबर असले तर परवाना मिळतो.

हे मी एकदा त्या पायलटाला समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, हेल्मेट उचललं आणि म्हणाला, "मी परवान्याचं नाही विचारलं, बाब. तो चालवतलो काय, तें विचारलें."